हिरवं पाणी आणि तुरटीचा खडा

मी गेली सव्वीस वर्षं नांदेडला पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते आणि मला पोहता येत नव्हतं. ऑफिसात हे मी कुणाला कधी सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. पाण्याच्या एका थेंबात काय काय आहे ते मी सांगू शकते. त्याच पाण्यात मला गळ्यापर्यंत उभं केलं असतं, तर मात्र मला देवाच्या नावाशिवाय काही सांगता आलं नसतं.

याचा दोष मी वयाच्या नवव्या वर्षापासून वडिलांना देत आले. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. जळकोट तालुक्यातल्या आमच्या गावी, आमच्या शेतात एक मोठी विहीर होती आणि त्या विहिरीत दादांनी निम्म्या गावाला पोहायला शिकवलं. पाठीवर दोन वाळलेले भोपळे बांधायचे, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक दादांच्या हातात, दादा काठावर उभे, आणि मग पाठीत एक धपाटा. चार दिवसांत भोपळे सुटायचे, आठ दिवसांत दोर. माझे दोघे भाऊ असेच शिकले. शेजारपाजारची, भांडणातल्या घरची पोरंही शिकली, कारण दादांचं म्हणणं असं की भांडण बांधावर, विहिरीत नाही.

मी काठावर असायचे, कपडे सांभाळायला. ते काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं, कारण आमच्या शेळीला कपडे खायची सवय होती. एकदा तिनं थोरल्या भावाच्या चड्डीचा खिसा खाल्ला आणि बोलणी मी खाल्ली. त्या दिवशी चिडून मी दादांना म्हटलं, मलाही शिकवा. दादा म्हणाले, "तुला काय करायचं हाय? तुला कुठं हिरीत उतरायचं हाय?" एवढं बोलून त्यांनी पुढच्या पोराच्या पाठीवर भोपळे बांधायला घेतले. मी शेळीला दगड मारला, तो लागला नाही.

पुढं शेजारच्या सगळ्या शेतांत बोअर झाले आणि आमची विहीर आटली. एका उन्हाळ्यापुरती आटली असं दादांना वाटलं होतं, पण ती गेली ती गेलीच. मी लातूरला शिकायला राहिले तिथं नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं. डाळ धुतलेलं पाणी भांड्याला, भांड्याचं पाणी झाडाला, असं आम्ही एकाच पाण्याला तीनदा कामाला लावायचो. टँकरचं पाणी यायचं ते चहासारखं. दादा गावाहून आले की शर्टाच्या खिशातला तुरटीचा खडा काढायचे आणि माझ्या खोलीवरच्या घागरीत फिरवायचे. सकाळपर्यंत गाळ तळाशी आणि वर काचेसारखं पाणी. दाढी केल्यावर गालाला लावायचाही तोच खडा असायचा, याचा आम्ही फार विचार करायचो नाही. घरात एकच नियम होता, पाण्याला नावं ठेवायची नाहीत. अन्नाला एखाद्या वेळी ठेवली तर चालायची, तीही आई घरात नसताना.

आई गेल्यावर भावांनी दादांना पुण्याला बोलावलं. "तिथं मी मावणार न्हाई," असं सांगून ते माझ्याकडे आले. आम्ही राहतो विष्णुपुरीला. घरापासून दहा मिनिटांवर धरणाचं साठलेलं पाणी आहे, एक जुना घाट आहे, म्हणजे पंधरा-वीस दगडी पायऱ्या. आल्या दिवशी संध्याकाळी मी दादांना तिथं नेलं. त्यांनी चपला काढल्या, पायरीवर बसले, आणि कितीतरी वेळ पाण्याकडे बघत राहिले. मला वाटलं आईची आठवण आली असेल. शेवटी म्हणाले, "एवढं पाणी निस्तं पडून हाय?"

दुसऱ्या दिवसापासून अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा माणूस रोज सकाळी गंगेत उतरायला लागला. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. काठाकाठानं वीस-पंचवीस हात मारायचे, परत यायचे, आणि घरी येऊन जावयाला सांगायचे की आज पलीकडे जाणारच होतो, पण चहाची वेळ झाली. पावसाळ्यात पाणी चढलं तेव्हा पायरीवर बसून नुसतं बघायचे.

एका रात्री जेवताना मी बोलून गेले. निमित्त तसं लहानच होतं. दादा भावांच्या पोहण्याचं कौतुक करत होते, आणि मी म्हटलं, "सगळ्या गावाला शिकवलं तुम्ही, मला तेवढं ठेवलं काठावर."

दादांनी वर बघितलं. "कामून बोलली न्हाईस मग?"

"बोलले होते. नऊ वर्षांची असताना."

"मग दुसऱ्यांदा बोलायचं व्हतं की," असं म्हणून त्यांनी ठेचा मागितला. माझी बेचाळीस वर्षांची तक्रार ठेच्याबरोबर संपली असं मला वाटलं. पण हात धुताना ते म्हणाले, "बाई, दसऱ्याला सुरू करू. दसऱ्याला धरलेलं काम मोडत न्हाई."

तयारी जोरात झाली. वाळलेले भोपळे नांदेडच्या बाजारात मिळेनात, म्हणून दादांनी गोडेतेलाचे दोन रिकामे डबे धुऊन त्यांची झाकणं मेण लावून बंद केली. नायलॉनच्या दोराला आधी नाक मुरडलं, मग ताणून बघितला आणि गुंडाळून डब्यांशेजारी ठेवला. मी गडद निळ्या कापडाचा अंगभर सलवार-कुडता शिवायला टाकला. पोहण्यासाठी हवा म्हटल्यावर शिंप्यानं माप घेता घेता दोनदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, "विम्याचे कागद कुठल्या कपाटात आहेत तेवढं सांगून जा." मी हसले, पण खरं सांगते, मला त्या दिवसांत पहाटे जाग यायची. परीक्षेच्या आधी यायची तशी.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही दोघं घाटावर पोचलो तर पाणी हिरवं झालेलं. पाणी नेहमी हिरवट दिसतं तसं नव्हे. रंगाऱ्याचा डबा उलटा झाल्यासारखं, आणि काठाला दुधावर येते तशी जाड साय. कुजलेल्या गवताचा वास येत होता. इंजिनिअरिंग कॉलेजची नवी मुलंमुली पाण्याकडे पाठ करून फोटो काढत होती, त्यांना तो रंग फार आवडला होता. परगावच्या एका यात्रेकरूनं हातानं साय बाजूला सारली आणि डोळे मिटून तीन बुड्या मारल्या.

दादा शर्ट काढायला लागले. मी म्हटलं, "थांबा."

मी पर्समधून बाटली काढली. सणाच्या दिवशी, पोहायला निघालेल्या बाईच्या पर्समध्ये नमुन्याची बाटली कशी काय, असं कुणी विचारेल. माझ्या नोकरीत ती किल्लीसारखी असते. नमुना घेतला आणि सुट्टी संपल्याबरोबर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मण्यांच्या माळा दिसल्या, निळसर हिरव्या, एकमेकींत गुंतलेल्या. दिसायला सुंदर असतात. हे नील-हरित शेवाळ. वरच्या गावांचं सांडपाणी आणि शेतांतून वाहून आलेलं खत याच्यावर ते पोसतं, आणि पाणी थांबलेलं असलं, वर आश्विनातलं ऊन असलं, की चार दिवसांत सगळीकडे पसरतं. त्यातलं काही निरुपद्रवी असतं आणि काही विषारी, आणि कुठलं कुठलं ते नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. अंगाला लागलं तर पुरळ येतं, पोटात गेलं तर उलट्या, जुलाब, कधी त्याहून वाईट. नळाचं पाणी वेगळं शुद्ध होऊन येतं, त्याची मला काळजी नव्हती. मला काळजी घाटाची होती.

घरी येऊन मी दादांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हिरवं हाय म्हंजी जितं हाय. मेलेल्या पाण्यात काय उगवतंय का?"

मी रीतसर अहवाल दिला, आणि घाटावर एक फलक लावून घेतला. मजकूर मीच लिहिला होता आणि त्याच्या शुद्धलेखनाचा मला अभिमान होता. 'पाण्यात विषारी शेवाळ आढळले आहे. कृपया पाण्यात उतरू नये.' पहिल्या दिवशी लोकांनी तो वाचला. दुसऱ्या दिवशी त्याच्या कोपऱ्याला कुणीतरी टोपी अडकवली. तिसऱ्या दिवशी मी गेले तर फलकावर दोन शर्ट, एक टॉवेल आणि एक पैजामा वाळत होता, आणि त्यांचे मालक पाण्यात होते. घाटाला इतकी वर्षं खुंटीची गरज होती, ती मी भागवली. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते मला घरी माहीत होतं, बाहेरही तेच निघालं.

आमच्या वरच्या मजल्यावर तेव्हा नुकतीच एक तरुण प्राध्यापिका राहायला आली होती, कोकणातली, समुद्रकाठच्या गावची. तिला नांदेडचं सगळंच नवं होतं. फलकाची गोष्ट ऐकून ती म्हणाली, "आमच्याकडे समुद्र बिघडला की किनाऱ्यावर लाल बावटा लावतात. बावटा दिसला की पाहुणे वाळूतच भेळ खाऊन परत जातात. लिहिलेलं कुणी वाचत नाही हो, काकू. रंग कळतो."

मला ते पटलं. मी शिक्षणानं शास्त्रातली, त्यात सरकारी अनुभव असलेली, तरी मला ते पटलं हे मी कबूल करते. घरात नवा लाल खण होता. बांबूला तो बांधून मी घाटाच्या मधोमध, दगडांच्या फटीत रोवला. वाऱ्यावर छान फडफडला.

दुसऱ्या दिवशी बांबूच्या बुडाशी हळदीकुंकू होतं. तिसऱ्या दिवशी लिंबू आणि नारळ. चौथ्या दिवशी खणाच्या बाजूला दुसरा खण बांधलेला दिसला आणि एक बाई मला सांगू लागली की माहूरची रेणुकाई गंगेवर आली आहे, त्या बाईच्याच एका नातलगाला तसं स्वप्न पडलं. देवीच्या पाया पडायचं तर पारोशानं चालत नाही. मग आंघोळ करायची कुठं, तर समोर गंगा आहेच. माझ्या बावट्यापायी घाटावरची गर्दी दुप्पट झाली.

कोकणातली मुलगी कपाळावर हात मारून घेत म्हणाली, "आमच्याकडे बावट्यापुढे कुणी नारळ फोडत नाही."

"तुमच्याकडे नारळ झाडाला लागतात, म्हणून तुम्हाला त्याची किंमत नाही," मी म्हटलं. चूक माझी होती, तिच्यावर उगाच चिडले.

दादा मात्र चार दिवस हसत होते. "तुझ्या बोर्डाला कुणी हार घातला व्हता का?" असं मला दिवसातून दोनदा तरी विचारायचे. स्वतः ते पाण्यात उतरत नव्हते, तेवढं माझं ऐकत होते. पण एका सकाळी त्यांनी मला गच्चीत बोलावलं. तिथं पाण्यानं भरलेली एक घागर होती. त्यांनी त्यातून पेला भरून माझ्यासमोर उन्हात धरला. पाणी नितळ, खाली बोटभर हिरवा गाळ.

"गंगेचंच हाय. रातच्याला तुरटी फिरवली. बघ, निवळलं."

मी त्यांना समजावलं. तुरटीनं गाळ बसतो, विष बसत नाही. शेवाळ मरून फुटलं की विष उलट पाण्यातच उतरतं, ते दिसतही नाही आणि उकळूनही जात नाही. दादांनी पेला हलवून बघितला. "लातूरच्या टँकरच्या पाण्यात जित्ती बेडकं निघायची. ह्याच खड्यानं निवळून पिलीस आन बीएस्सी झालीस."

ते खरंच होतं. मग मी जे केलं ते आमच्या घरात आजवर कुणी केलं नव्हतं. मी घागर उचलली आणि त्यांच्यादेखत गच्चीच्या मोरीत ओतली. भरलेली घागर. दादांनी रिकामी घागर उचलून पालथी ठेवली. त्या दिवशी ते माझ्याकडे पाठ करून जेवले. पाण्याचा असा अपमान त्यांच्या समोर पोटच्या मुलीनं करावा हे त्यांना सहन झालं नाही, आणि मला ते कळत होतं, तरी मी माफी मागितली नाही. मी बरोबर होते ना.

घागर ओतल्याच्या पाचव्या की सहाव्या दिवशी पहाटे दादांना उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब. दंडांवर आणि मानेवर लाल गांधी उठल्या होत्या. आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं. इतका मोठा माणूस त्या पलंगावर अगदी एवढासा दिसत होता. डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं काय खाल्लं? दादा म्हणाले, "काय न्हाई. पाणी पिलो." डॉक्टर म्हणाले, त्या पाण्यामुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण या वयात असले प्रयोग करायचे नसतात.

मला आधी राग आला. घरी जाऊन गच्चीवर बघितलं तर पाण्याच्या टाकीमागे दुसरी घागर, वर फडकं बांधलेलं, शेजारी पेला. मी ओतली त्याच दिवशी त्यांनी दुसरी भरून आणली होती. रोज सकाळी एक पेला पीत होते, आणि एक तांब्या अंगावर घेत होते. मी तशीच परत दवाखान्यात गेले आणि भांडायच्या तयारीनं विचारलं, "कशासाठी केलं हे?"

दादांचे डोळे मिटलेले होते. ते म्हणाले, "आठ रोज पिऊन मला काय झालं न्हाई म्हंजी तू उतरली असतीस. माझ्यात लई दिस जोर राहनार न्हाई, बाई. पाय थरथर करून राहिलेत आत्ताच. पाणी कवा निवळंल, मी कवापतूर राहीन. तुला शिकवायचं ऱ्हाऊन गेलंय."

मी सव्वीस वर्षं पाण्यातले दोष शोधते आहे. हा माणूस गच्चीवर बसून, माझ्यासाठी पेला-पेला विष पीत होता आणि मी खाली त्याच्यावर रुसले होते. मला रडू आलं. पलीकडच्या पलंगावरच्या बाईनं सिस्टरला हाक मारली, तिला वाटलं दादा गेले. दादांनी एक डोळा उघडून तिला सांगितलं, "हाय अजून."

पंधरा दिवसांनी ते हिंडायला-फिरायला लागले, पण उतरणीवर काठी लागायची. एका संध्याकाळी मी ऑफिसातून परत येत होते तर घाटावर बावट्याशेजारी प्लास्टिकची खुर्ची आणि खुर्चीत दादा. पुढ्यात नारळाचे तुकडे. देवीचा प्रसाद वाटायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. मी मागच्या पायरीवर थांबले.

कार्तिकातली आंघोळ करायला आलेल्या एका म्हाताऱ्यानं धोतराचा सोगा खोचला आणि दादांना विचारलं, "बाबा, गंगा कधी खराब होती का हो?"

"गंगा न्हाई व्हत. आपून केली." दादांनी बाही वर करून त्याला गांधी दाखवल्या. एव्हाना त्या विरल्या होत्या, पण दादांनी बोट ठेवून एकेक दाखवली. "हे पाणी मी तुरटी लावून पिलो. आठ दिस दवाखान्यात व्हतो. माझी पोरगी रोज बाटलीत भरून बघती. ती हाव म्हणस्तोर मी बी उतरनार न्हाई. तुमी घरी नळाच्या पाण्यानं न्हावा, आन मग इथं येऊन पाया पडा. रेणुकाईला चालतंय."

"तुमची पोरगी काय करती?"

"पाण्याची डाक्टर हाय."

म्हातारा प्रसाद घेऊन परत गेला. मी फलक लावला तेव्हा असा एकही माणूस परत गेला नव्हता. दादा रोज बसायला लागले. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी अंधार पडेपर्यंत. कॉलेजच्या मुलामुलींना ते फोटो काढू द्यायचे, पण पायाचा अंगठा पाण्यात गेला की काठी आपटायचे. माझ्याबद्दल त्यांनी घाटावर किती थापा मारल्या ते मला नंतर कळलं. भाजीवाली मला 'डॉक्टरीणबाई' म्हणायला लागली आणि तिनं मला गुडघेदुखीवर औषध विचारलं.

थंडी पडली तशी साय विरत गेली. हिरवा रंग आधी पोपटी, मग मळकट, मग नेहमीचा झाला. माझा एक नमुना चांगला आला, दुसरा चांगला आला. मी तिसऱ्यासाठी थांबले. दादा म्हणाले, मला कागदावर दाखव. तिसरा अहवाल मी घरी आणला, त्यांनी चष्मा लावून तो उलटसुलट बघितला आणि मला वाचायला लावला. नीट घडी करून तुरटीच्या खड्याबरोबर खिशात ठेवला.

"मग, उद्या?"

"तुम्हाला डॉक्टरांनी गार पाण्यात उतरायचं नाही म्हणून सांगितलंय."

हे सांगायचं मी महिनाभर टाळत होते. त्यांना ते माहीत होतं, मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे. दादांनी खिशातला कागद चाचपला. मग म्हणाले, "हिरीत तरी मी कुठं उतरत व्हतो? दोर तर काठावरूनच धरायचा असतोय."

महाशिवरात्रीच्या आधी, ऊन चांगलं तापल्यावर, भर दुपारी आम्ही गेलो. निळा सलवार-कुडता दसऱ्यापासून घडीत होता, तो जरा घट्ट झाला होता. पाठीवर तेलाचे डबे, कमरेला दोर. कोकणातली मुलगी आधीच कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिली होती, मी बुडाले तर काढायला. ती चेहरा गंभीर ठेवायचा फार प्रयत्न करत होती. दादा पायरीवरच्या खुर्चीत बसले होते. एका हाताला त्यांनी दोर गुंडाळला होता. माझी ओढणी, चष्मा, पर्स आणि चपला त्यांनी माझ्या हातातून घेऊन मांडीवर ठेवल्या.

पायऱ्या उतरून पाणी छातीला लागलं तेव्हा मी विचारलं, "दादा, दोर धरलाय ना?"

"धरलाय."

"सोडू नका."

"बेचाळीस वर्सं लागली हातात घ्यायला. सोडतो का आता?"

मी पायरी सोडली. एक घोट नाकातोंडात गेला, माझाच तपासलेला. डब्यांनी मला वर उचललं, पाय आपोआप वर आले, आणि खाली काही नव्हतं. काहीच नव्हतं आणि मी होते. मी हात मारले, कसेही मारले, चारपाच हात झाले असतील. दोर कमरेला जरासा ताणलेला लागत होता. पुढं जायच्या आधी मला एकदा काठाकडे बघावंसं वाटलं, म्हणून मी मान वळवली.

घाटावर कुणाचीतरी शेळी आली होती. ती दादांच्या मांडीवरच्या ओढणीकडे मान लांबवत होती, आणि दादा दोर न सोडता, दुसऱ्या हातानं माझे कपडे पोटाशी धरून, पायानं तिला हुसकावत होते.

"इकडं काय बघती," ते म्हणाले. "कपडे मी सांभाळतो. तू जा."